बारवीकाठची वाईन

द्राक्षांचा मळा बघायला लोक नाशिकला जातात. आम्ही बदलापूरच्या पुढे गेलो. परत आल्यावर मी शिकवते त्या शाळेतल्या बायकांना हे सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. बारवी धरणाच्या अंगाला, जिथं पावसाळ्यात छत्री उघडली तरी माणूस भिजतोच, तिथं कोणी द्राक्षं लावील, ती औषध न फवारता वाढवील आणि वर त्यांची वाईन करील, हे ऐकून न हसणारा माणूस एकतर फार भोळा असला पाहिजे, नाहीतर त्या घरात मुलगी देणार असला पाहिजे. आम्ही दुसऱ्या प्रकारात मोडत होतो. म्हणजे मोडायचं की नाही, तेच ठरवायला निघालो होतो.

मुलगी माझी भाची, वैशाली. माझ्या थोरल्या भावाची, दादाची, एकुलती एक. नव्वदीच्या दशकात मुली नोकरीला लागल्या तसं आईबापांचं एक काम कमी झालं, स्थळं शोधायचं. वैशाली अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये होती आणि तिथेच नितीन नावाचा केमिस्ट होता. दोघांनी दोन वर्षं रंगांचे नमुने तपासले आणि तेवढ्यात एकमेकांनाही तपासून घेतलं. मग वैशालीनं घरी सांगितलं. नितीनचं आडनाव मी इथं लिहीत नाही. आपल्याकडे आडनाव लिहिलं की उरलेलं वाचायची कोणाला गरज वाटत नाही. एवढंच सांगते की आम्ही बौद्ध, छप्पन सालापासूनचे, आणि ते नाहीत.

दादानं आडनाव ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, "त्यांच्या घरात दारू गाळतात असं ऐकतो."

"वाईन, बाबा," वैशाली म्हणाली.

"तेच ते."

आता दादाबद्दल सांगायला हवं. तो कल्याणला एका ऑफिसात हेडक्लार्क. आमच्या उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या विहाराचा सेक्रेटरी. दर रविवारी सकाळी मुलांना पंचशील तोच देतो, आणि पाचव्या शीलाशी, म्हणजे मद्यापासून दूर राहण्याशी, आला की त्याचा आवाज थोडा चढतो. याला कारण आहे. आमच्या वडिलांनी मोठ्या श्रद्धेनं दीक्षा घेतली होती. चार शीलं त्यांनी जन्मभर पाळली. पाचव्यापाशी ते रोज संध्याकाळी अडखळत, नाल्याकाठच्या हातभट्टीवर. त्यातच गेले. तेव्हा दादा कॉलेजात होता, मी शाळेत. ज्या घरात बाटली आहे त्या घराची पायरी दादा त्यानंतर चढलेला नाही. ऑफिसातल्या लोकांच्या रिटायरमेंटच्या पार्ट्याही त्यानं बाहेरून, गेटवर हार घालून उरकल्या आहेत.

असा माणूस वाईनच्या मळ्यावर निघाला, तो वैशालीमुळे. ती रडली नाही, जेवण सोडलं नाही. फक्त म्हणाली की न बघता नाही म्हणणार असाल तर म्हणा, पण मग रविवारी मुलांना काय शिकवता ते मला एकदा नीट सांगा.  आठवड्यानं दादानं लछूभाईंना गाडीचं विचारलं.

कॅम्प पाच ते बदलापूर

लछूभाई आमचे सिंधी शेजारी. त्यांचा लोणच्याचा धंदा. पुढे दुकान, मागे कारखाना, वर घर. त्यांची एक मॅटाडोर होती आणि ती रविवारी रिकामी असे. म्हणजे माल नसे, वास असे. गाडीत बसलं की मोहरी, हिंग आणि व्हिनेगर एकदम नाकात जाई. दादा पुढे बसला. वहिनी, वैशाली आणि मी मागे, बरण्यांच्या रिकाम्या क्रेटवर चादर घालून. वहिनींनी ठेवणीतलं पातळ नेसलं होतं आणि वाटभर त्या ते हुंगून बघत होत्या.

लछूभाई नुसते गाडी चालवायला आले नव्हते. त्यांना वाईन चाखायची होती. "भाऊ, आपण धंद्याचा माणूस," ते दादाला म्हणाले, "लडका तुमी बघा, माल मी बघतो." दादानं खिडकीची काच खाली केली.

अंबरनाथच्या एमआयडीसीतून जाताना आम्ही सगळ्यांनी सवयीनं नाकाला पदर, रुमाल लावले. वैशालीनं लावला नाही. तिला तो वास पगाराचा वाटतो. बदलापूर तेव्हा नुकतं वाढायला लागलं होतं. भाताच्या खाचरात मधेच एक चार मजली इमारत, तिच्या शेजारी म्हैस, आणि दोघींच्या मागे 'स्वच्छ हवा, भरपूर पाणी' अशी बिल्डरची पाटी. गाव मागे पडलं तशी हवा खरंच स्वच्छ झाली, पाटीनं सांगितलं म्हणून नव्हे. फेब्रुवारीचा महिना. पळस फुलायच्या बेतात होता. शेतात पालापाचोळा पसरून राब भाजत होते, त्याचा धूर खाली खाली पसरत होता आणि डाव्या हाताला डोंगर निळे, जणू कोणी आदल्या रात्री धुऊन वाळत घातलेले.

वाटेत लछूभाईंनी धरण दिसतं तिथं गाडी थांबवली. मला वाटलं, पाणी बघून सगळे प्रसन्न होतील. पण वहिनींना राग आला. आमच्या कॅम्पात नळाला पाणी येतं ते याच धरणाचं असं म्हणतात, येतं तेव्हा. वहिनी बराच वेळ त्या एवढ्या मोठ्या निळ्या पाण्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "इतकं आहे. मग जातं कुठं?"  दादा म्हणाला, चला.

पुढे रस्ता फुटला तिथं आम्ही चुकलो. मोळी घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्याला लछूभाईंनी हिंदीत द्राक्षाचा मळा विचारला. तो दादाकडे बघून म्हणाला, "तो याडा ना, दराक्षावाला? फुरं जा. सफेद जाली दिसंल." नवऱ्या मुलाच्या घराण्याची ही पहिली बाहेरची माहिती. वैशाली खाली बघून हसली. दादानं ती ऐकून मनात टिपून ठेवली असावी.

मळा

पांढरी जाळी दिसली. मासेमारीची जुनी जाळी आणून वेलींवर पसरली होती, बुलबुलांसाठी. मळा म्हणजे मी मनात फार मोठं काही धरलं होतं. प्रत्यक्षात आमच्या शाळेच्या पटांगणाएवढा उतार, त्यावर बांबू आणि तारांचे मांडव, आणि त्यांवर काही वेली जोमात, काही नाइलाजानं उभ्या. वरच्या अंगाला कौलारू घर. व्हरांड्यात नितीन, त्याचे आईवडील, इतकीच माणसं. हेच मालक, हेच मजूर, असं नितीन म्हणाला.

नितीनच्या वडिलांना सगळे अण्णा म्हणतात. उंच, वाळलेला माणूस, पायात गमबूट, अंगात इस्त्रीचा शर्ट. हा माणूस आयुष्यभर एका कीटकनाशकांच्या कारखान्यात प्रॉडक्शन ऑफिसर होता. निवृत्त झाल्यावर त्यानं बदलापूरजवळ जमीन घेतली आणि तिच्यावर आपल्याच हाताखाली तयार झालेल्या औषधाचा एक थेंब पडू द्यायचा नाही असं ठरवलं. दादानं कारण विचारलं तेव्हा अण्णा सरळ म्हणाले, "मी ते बनवत होतो ना. म्हणून."

औषधाच्या ऐवजी ते काय काय फवारतात ते त्यांनी आम्हाला एकेक दाखवलं. कडुलिंबाचा पाला कुजवलेलं पाणी, गोमूत्र, आंबट ताक. ताकाचं ऐकून वहिनींचा चेहरा असा झाला की जणू कोणी त्यांची कढी वेलींवर ओतली. एवढं करूनही पावसाळ्यात पानांवर केवडा, भुरी असल्या बुरशा येतात, अर्ध्या वेली उघड्या होतात. दिवाळीनंतर छाटणी केली की त्या पुन्हा फुटतात. जे वाचतं त्याला आत्ता, शिमग्याच्या आधी, घड लागतात. ते बुलबुल खातात. बुलबुलांनी सोडलेलं अण्णा खातात आणि त्यातून उरलेल्याची वाईन होते. हे सगळं ते इतक्या आनंदानं सांगत होते की एखाद्याला वाटावं नुकसान हेच पीक आहे.

त्यांनी एक घड तोडून वहिनींच्या हातात दिला आणि न धुता खा म्हणाले. वहिनी आमच्या घरी द्राक्षं मिठाच्या पाण्यात घालून ठेवतात, मग धुतात, मग पुसतात. त्यांनी एक मणी तोंडात टाकला, शेजारच्या हंड्यातलं पाणी घेऊन उरलेला घड धुतला आणि मग निर्धास्तपणे खाल्ला. द्राक्षं लहान होती, सालीला जाड, आणि आंबट. बाजारातल्यासारखी नुसती गोड नव्हती. मला आवडली, पण मला चिंचही आवडते.

वाईन घराच्या मागच्या खोलीत होती. कारखान्यात असतात तशी निळी प्लॅस्टिकची पिंपं. ती नवी आहेत, असं अण्णांनी कोणी विचारायच्या आत सांगितलं. प्रत्येक पिंपाच्या झाकणातून सलाइनची नळी निघून पाण्याच्या बाटलीत सोडलेली, आणि बाटलीत मधून मधून बुडबुडा येई. खोलीत गार होतं आणि नासलेल्या फळांचा आणि फुलांचा मिळून एक वास होता. दादा दारातच थांबला. त्यानं आत डोकावून त्या बुडबुड्यांकडे पाहिलं. तो वास त्यानं लहानपणी घरात घेतला होता, मीही घेतला होता, आणि मला तेव्हा भावाच्या पाठीकडे बघून पटकन बाहेर जावंसं वाटलं. परवान्याचा अर्ज केला आहे, तोवर ही घरापुरतीच करतो, असं अण्णा सांगत होते. ते लछूभाई सोडून कोणी ऐकत नव्हतं.

जेवण आणि ग्लास

प्रवासवर्णनात जेवणाबद्दल लिहायचं असतं, आणि जेवण उत्तम होतं. सोललेल्या ताज्या वालांचं बिरडं, नारळाचं दूध घातलेलं. तांदळाची भाकरी, कैरीचा ठेचा, साधं वरण. नितीनच्या आई, काकू, वाढत होत्या. बुटक्या, गोऱ्या, कमी बोलणाऱ्या. आग्रह करताना त्यांचा हात प्लेटच्या थोडा वर थांबे आणि मग भाकरी सोडे.

हे माझ्या लक्षात आलं, कारण मी तेच बघत होते. आमच्या घरात जन्मलेल्या माणसाला भांडी वाचता येतात. हे कोणी शिकवत नाही. माझ्या आईच्या गावी हॉटेलाबाहेर आमच्यासाठी एक कपबशी खिळ्याला टांगलेली असे. आपला चहा झाला की ती आपणच विसळून परत टांगायची. मी ती कधी पाहिली नाही, तरी कोणाच्याही घरी गेले की माझे डोळे आधी खिळा शोधतात. इथं खिळा नव्हता. इथं आल्याबरोबर आम्हाला पाणी आलं ते काचेच्या ग्लासांतून, फुलं काढलेल्या ट्रेमध्ये. अण्णा, काकू, नितीन पीत होते स्टीलच्या पेल्यांतून. जेवायला आम्हाला मेलामाइनच्या प्लेट, त्यांना स्टीलची ताटं. आता पाहुण्याला काच देणं म्हणजे मान. आणि आम्हाला काच देणं म्हणजे कधी मान, कधी वेगळी कपबशी. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. मी दादाकडे पाहिलं. तो मन लावून वाल खात होता, म्हणजे त्यानंही पाहिलं होतं.

जेवण झाल्यावर अण्णांनी वाईन काढली. त्यासाठी आणखी वेगळे ग्लास होते, उंच दांड्याचे, कोणीतरी भेट दिलेले. ते धरायचे कसे, फिरवायचे कसे, आधी वास घ्यायचा, मग घोट तोंडात घोळवायचा, हे त्यांनी आम्हाला समजावलं. मी शिक्षिका आहे, सांगितलं तसं केलं. पहिली बाटली गेल्या वर्षीची होती. मी घोट घेतला आणि डोळे मिटले. ते चव समजावी म्हणून नव्हे, आपोआप मिटले.

लछूभाईंनी घोट घेतला, घोळवला, गिळला आणि ग्लास खाली ठेवला. "साईं, बुरा मत मानो," ते म्हणाले, "ये सिरका आहे. पण सिरका एक नंबर आहे. मला किती देऊ शकता?"

वाईनला व्हिनेगर म्हटल्यावर अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतः एक घोट घेतला, विचार केला आणि कबूल केलं की ही बाटली जरा पुढे गेलेली दिसते. मग त्यांनी दुसरी उघडली. ही बरी होती. पहिल्यांदा आंबट, मग तुरट, जीभ जांभूळ खाल्ल्यासारखी जड, आणि सगळं संपल्यावर मागून एक गोड, उबदार असं काही. मला वाईनमधलं कळत नाही, पण मी दुसरा घोट घेतला. वहिनींनी एक थेंब ओठाला लावला आणि त्यांचा चेहरा उजळला. "हे तर द्राक्षासव," त्या म्हणाल्या. वैद्यांनी दिलेलं द्राक्षासव त्या अशक्तपणावर कित्येक वर्षं रोज दोन चमचे घेत आल्या आहेत, आणि ते दादाच स्टेशनवरून आणून देतो. अण्णा शास्त्रीय माणूस. ते म्हणाले, त्यातही अल्कोहोल असतंच.  दादानं बायकोकडे असं पाहिलं जसं वहिनींनी सकाळी धरणाकडे पाहिलं होतं.

दादाचा ग्लास भरलेलाच होता. अण्णांनी एक घोट तरी घ्या म्हटलं. दादानं तो दोन बोटांनी बाजूला सरकवला आणि वडिलांची हकीकत सांगितली. त्यानं ती बाहेरच्या कोणाला सांगितलेली मी पहिल्यांदाच ऐकत होते. वडील कसे गेले, आईनं शेवटी काय बजावलं, दारूच्या घरात मुलगी द्यायची नाही म्हणून. आवाज चढला नाही, उलट खाली आला. नितीन खाली मान घालून ऐकत होता.

 मग अण्णा म्हणाले, "मी जन्मभर विष भरलेल्या बाटल्या कारखान्याबाहेर पाठवल्या. प्रत्येकीवर कवटीचं चित्र असायचं. गावोगावी लोकांनी ती पिऊन जीव दिले, मला ठाऊक आहे. पण तेव्हा मी ऑफिसर होतो, क्वार्टर होतं, आणि माझ्या घरात मुलगी द्यायला कोणी नाही म्हटलं नसतं. द्राक्षं लावली तसा मी बिघडलो."

इथून जो वाद सुरू झाला तो चांगलाच रंगला. वाईन आणि दारू यांत फरक काय, युरोपात जेवताना घेतात, मग युरोपातले लोक काय सगळे वाया गेले, शील म्हणजे काय, औषध म्हणजे काय. अण्णांनी मुद्दे मांडले, दादानं खोडले, लछूभाईंनी दोन्ही बाजूंना दुजोरा दिला. सगळे एकमेकांना आदरानं अहोजाहो करत होते. मला हळूहळू जाणवलं की सगळ्यांना बरं वाटतं आहे. जातीबद्दल सकाळपासून कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. दारू हा विषय दोन्ही घरांच्या सोयीचा होता. लग्न मोडायचं झालं तर दारूवरून मोडता आलं असतं. कोणाची मान खाली गेली नसती, आणि पुढे भेटल्यावर नमस्कारही करता आला असता.

वैशाली तेव्हा बोलली. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही वाईनबद्दल बोलताय का?"

दादानं तिच्याकडे पाहिलं. मग काकूंकडे.

"मला पाणी हवंय," तो म्हणाला.

काकू उठल्या, फुलांच्या ट्रेकडे वळल्या.

"त्यात नको. तुमच्या पेल्यात द्या. स्टीलच्या."

काकू तिथंच थांबल्या. नितीन अर्धवट उठला, अण्णांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. बाहेर एक बुलबुल जाळीत अडकून फडफडत होता. मला वाटलं, आता त्या म्हणतील की छे छे, आमच्यात तसलं काही नाही. सगळे तेच म्हणतात. मी ते ऐकायची तयारी केली होती.

"खरं सांगू का?" काकू म्हणाल्या. "काचेचे काढले ते मान म्हणूनच काढले. पण सकाळी मांडणीतून पेले काढताना हात स्टीलच्यांवर गेला होता, आणि मग मी काचेचे काढले. का, ते माझं मलाही नीट माहीत नाही. म्हणून तुम्ही उगीच विचारलंत असं मला म्हणता येत नाही." त्यांनी ट्रे खाली ठेवला. "माझ्या सासूबाईंच्या घरी कामाला येणाऱ्या बाईला मी वरून पाणी घातलेलं आहे. मला याची सवय नाही. पण होईल. माठ आत आहे. तुम्हीच घ्या."

दादा उठला. त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी चपला काढून आत गेला. आम्हाला तो दिसत होता. माठावरचं झाकण त्यानं काढलं, ओगराळ्यानं पेला भरला, उभ्यानंच प्यायला, पुन्हा भरला, पुन्हा प्यायला. त्याला खरंच तहान लागली असावी. मग पेला कुठे ठेवायचा ते कळेना म्हणून तो हातात घेऊन उभा राहिला. काकू आत गेल्या, त्याच्या हातून तो घेतला, माठातून स्वतःसाठी भरला आणि प्यायल्या. त्यांनी तो विसळला नाही. पिताना त्यांचे डोळे मिटलेले होते, हेही मी लिहिते. ते लपवलं तर बाकीचं खोटं वाटेल.

बाहेर येऊन दादा परत आपल्या जागी बसला. वाईनचा ग्लास होता तसाच भरलेला होता. वाचणाऱ्यांना वाटेल की आता त्यानं तो उचलला असेल. नाही उचलला. तो लछूभाईंनी संपवला, वाया जाऊ नये म्हणून.

परत

निघताना दादानं फक्त "कळवतो" एवढंच म्हटलं. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा नाही असा होतो, त्यामुळे कोणी कोणाकडे पाहिलं नाही. लछूभाईंनी आंबलेलं एक पिंप लोणच्यासाठी ठरवून टाकलं होतं आणि तेवढे ते खूश होते. अण्णा गाडीपाशी आले आणि त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली दादाच्या हातात दिली. घ्या, पिऊ नका हवं तर, पण घरी केलेली वस्तू आहे, रिकाम्या हातानं कसं पाठवू. दादाला ती नाकारता आली नाही आणि पिशवीत ठेवताही येईना. तो पुढच्या सीटवर ती मांडीवर घेऊन बसला, दुसऱ्याचं तान्हं मूल घ्यावं तसा.

 वैशाली बाहेर बघत होती. ऊन उतरलं होतं, डोंगर आता तांबूस झाले होते, आणि राबांचा धूर अजून तिथंच होता. वहिनींनी मला हळूच विचारलं की द्राक्षासव बंद करावं लागेल का. मी म्हटलं, तेवढं मी बघते.

बदलापूरच्या अलीकडे पोलिसांनी गाडी अडवली. त्या भागात हातभट्टीवर धरपकड चालू होती, येणारी प्रत्येक गाडी तपासत होते. एक प्रौढ हवालदार खिडकीशी आला. त्यानं आत नाक घातलं, लोणच्याच्या वासानं ते जरा मागे घेतलं, आणि मग त्याची नजर दादाच्या मांडीवरच्या पुडक्यावर गेली. त्यानं हात पुढे केला. दादानं बाटली दिली. हवालदारानं कागद सोडला, उजेडाला धरून पाहिली, बूच काढलं, हुंगलं.

"हे काय आहे?"

लछूभाई खऱ्या मित्रासारखे मधे पडले. "सिरका है साहेब," ते म्हणाले. "माझं लोणच्याचं काम आहे. अचार का माल. गाडीचा वास बघा ना."

हवालदाराला ते पटल्यासारखं दिसलं. गाडी खरोखरच साक्ष देत होती. त्यानं बूच परत लावलं. आणखी थोडा वेळ गप्प बसलं असतं तर आम्ही सुटलो होतो. पण चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे, आणि ते दादा दर रविवारी मुलांना देतो.

"सिरका नाही," दादा म्हणाला. "वाईन आहे. मुलीच्या सासरहून आली आहे."

माझ्या शेजारी वैशालीनं श्वास घेतला तो मला ऐकू आला. लछूभाईंनी कपाळाला हात लावला. हवालदार एकदा बाटलीकडे, एकदा दादाच्या खादीच्या शर्टाकडे, एकदा मागे क्रेटवर बसलेल्या आम्हा तिघींकडे बघत राहिला. असा गुन्हेगार त्याला त्या दिवसात भेटला नसावा.

"मुलगा काय करतो?" त्यानं शेवटी विचारलं.

"केमिस्ट आहे. वडिलांनी द्राक्षं लावलीत, बारवीकडे."

"इथं? पावसात?"

"हो," दादा म्हणाला. "जरा वेडे आहेत. पण माणसं बरी आहेत."

हवालदारानं बाटली पुन्हा कागदात गुंडाळली, दादाच्या मांडीवर ठेवली आणि रस्त्यात उघडू नका असं सांगून हात हलवला. गाडी सुटली. मागे क्रेट पुन्हा खडखडायला लागले. मग वहिनी पुढे वाकल्या.

"हवालदाराच्या आधी मला सांगितलं असतं तर चाललं असतं," त्या म्हणाल्या.

दादानं मागे वळून न बघताच उत्तर दिलं.

"मलाही आत्ताच कळलं."